अकरा नंबरचा बावटा

वारं फिरलं की रायगडच्या किनाऱ्यावर पहिली चौकशी होते ती बावट्याची. तीन नंबरचा लागला म्हटलं की होड्या वर ओढल्या जातात, जाळी आवरली जातात आणि बाहेर गेलेल्यांना फोन सुरू होतात. भारतातल्या बंदरांवर धोक्याच्या या खुणा एकपासून अकरापर्यंत असतात. दिवसा शंकू आणि नळकांड्यांच्या आकृत्या चढवतात, रात्री तांबडे-पांढरे दिवे लावतात. तीन नंबर म्हणजे बंदराला वादळी वाऱ्याचा धोका. दहा नंबर म्हणजे मोठं चक्रीवादळ बंदरावरून किंवा अगदी जवळून जाणार. त्याच्यापुढे आणखी काय उरतं, असं कुणालाही वाटेल. पण अकरावी खूण आहे, आणि ती मुळात वाऱ्याविषयी नाहीच. तिचा अर्थ असा: हवामान कचेरीशी संपर्क तुटला आहे आणि इथल्या अधिकाऱ्याच्या मते हवा बिघडण्याचा धोका आहे.

ज्या कुणी ही खूण यादीत घातली, त्याने भारतीय दर्शनांत शतकानुशतकं चाललेल्या एका वादात आपलं मत नोंदवून ठेवलं आहे. काहीच कळलं नाही, यावरून काय कळतं? हा तो वाद, आणि तो पाहायला रायगडमधली दिघी ही चांगली जागा आहे.

दिघी हे श्रीवर्धन तालुक्यातलं गाव राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी आहे. समोर आगरदांडा, मधून फेरीबोट, थोड्या अंतरावर पाण्यात जंजिरा. आता इथे मोठं बंदर आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या बारा औद्योगिक शहरांच्या यादीत दिघीचं नाव आहे. अशा शहराचं पाणी, वीज, रस्त्यावरचे दिवे, मालाच्या नोंदी यांचा कारभार पुढे कुठल्या तरी दूरच्या क्लाउडवरच्या सर्व्हरवर चालणार. त्या सर्व्हरवर नजर ठेवायला सॉफ्टवेअर लागतं, आणि काही बिघडलं तर माणसाला उठवायला त्या सॉफ्टवेअरला अलर्टचं प्लगिन जोडावं लागतं. बावट्याचंच काम, फक्त खांब दिसत नाही.

प्लगिन बसवायला फार वेळ लागत नाही. फाइल योग्य फोल्डरमध्ये ठेवायची, ती चालवायची परवानगी द्यायची, क्लाउडच्या खात्याची फक्त वाचण्यापुरती चावी तिच्या हाती द्यायची, मर्यादा ठरवायच्या आणि कुणाच्या फोनवर निरोप जायचा ते लिहायचं. नागिओस नावाची नजर ठेवणारी प्रणाली १९९९ पासून वापरात आहे. तिच्यासाठी लिहिलेलं प्रत्येक प्लगिन तपासणी करून एकच आकडा परत देतं. शून्य म्हणजे ठीक, एक म्हणजे सावध, दोन म्हणजे गंभीर आणि तीन म्हणजे माहीत नाही. हा तीनचा आकडा देणं प्लगिन लिहिणाऱ्याला सगळ्यात जड जातं. समजा चावीची मुदत संपली. प्लगिन क्लाउडला विचारतं, कुठले सर्व्हर अडचणीत आहेत? दार बंद असल्यामुळे हाती येते रिकामी यादी. घाईने लिहिलेलं प्लगिन ती यादी मोजतं, अडचणीतले सर्व्हर शून्य भरतात, आणि ते शून्य परत देतं. पडद्यावर हिरवा रंग उमटतो. आतून सगळं जळत असलं तरी तो हिरवाच राहतो.

अॅमेझॉनच्या क्लाउडवॉचमध्ये तर हा प्रश्न सरळ बसवणाऱ्यासमोर ठेवलेला असतो. माहिती आलीच नाही तर काय समजायचं? पर्याय चार. धोका समजायचा, सगळं ठीक समजायचं, आधीची स्थितीच कायम धरायची, किंवा माहिती नाही तिथे नाहीच म्हणायचं, मग सगळेच आकडे थांबले की अलर्टच्या नावापुढे माहिती अपुरी असा शेरा पडतो. बहुतेक जण हा रकाना न वाचता पुढे जातात. वास्तविक त्या संपूर्ण पानावर विचार करण्यासारखी तीच एक जागा आहे.

सातव्या शतकाच्या आसपास कुमारिल भट्टांनी श्लोकवार्तिकात याच जागी थांबून विचार केला. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कशाने कळतं? डोळ्यांना जमीन दिसते, ‘नाही’ दिसत नाही. तेव्हा हे ज्ञान देणारं एक वेगळं प्रमाण मानलं पाहिजे, असं ते म्हणाले. भाट्ट मीमांसक आणि पुढे अद्वैत वेदान्ती त्याला अनुपलब्धी म्हणतात, आणि प्रमाणांच्या यादीत ते सहावं धरलं जातं. दुसरे मीमांसक प्रभाकर यांनी ते नाकारलं. नैयायिक म्हणाले, वेगळं प्रमाण कशाला, अभावही प्रत्यक्षानेच कळतो. बौद्ध धर्मकीर्तींनी अनुपलब्धीला अनुमानात बसवलं. मतभेद खोल होते, पण एका अटीबद्दल हे सगळे जवळपास एकत्र येतात. ती अट म्हणजे योग्यता. घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे धड हवेत, मध्ये भिंत नको. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही. तिथे अंधार आहे, एवढंच म्हणता येतं.

मुदत संपलेली चावी म्हणजे अंधारी खोली. प्लगिन शून्य देतं तेव्हा ते घडा नाही असं सांगत असतं, आणि आपले डोळे मिटलेले आहेत हे सांगायचं विसरतं.

या अटीची किंमत दिघीच्या किनाऱ्याला माहीत आहे. १९९३ च्या जानेवारीत दिघीच्या जेट्टीवर रात्री चोरटी हत्यारं उतरली. माल घेऊन निघालेल्या गाड्या वाटेत पोलिसांनी अडवल्या आणि लाच ठरवून सोडल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस सीमाशुल्क खात्यात इशारा पोचला होता की मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर शस्त्रं उतरण्याची शक्यता आहे; त्यात श्रीवर्धनचं नाव होतं. फेब्रुवारीत याच तालुक्यातल्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत बारा ठिकाणी स्फोट झाले आणि २५७ माणसं मेली. पुढे विशेष टाडा न्यायालयाने लाच घेणाऱ्या पोलिसांना आणि सीमाशुल्क अधिकाऱ्यांनाही दोषी ठरवलं.

त्या दोन महिन्यांत या किनाऱ्यावरून वर काय पोचत होतं? लाच घेतलेल्यांकडून तरी खबर नाही. चौकी होती, गस्त होती, इशाराही होता. चौकीकडून खबर आली नाही, म्हणजे काही उतरलं नाही, असा अर्थ वरच्या कचेरीत निघू शकत होता. चौकीचे डोळे कुणी विकत घेतले असतील तर तिच्या गप्प राहण्यातून एवढाच निष्कर्ष निघतो की ती गप्प आहे. कुमारिलांची योग्यता फक्त उजेडाची आणि डोळ्यांची नसते; पाहणाऱ्याच्या सचोटीचीही असते. यंत्राच्या बाबतीत चावीची मुदत संपते, माणसाच्या बाबतीत इमान. दोन्हीकडे पडदा हिरवाच दिसतो.

इथून हा प्रश्न धर्माच्या अंगणात येतो, आणि तो तिथलाच आहे. देव दिसत नाही, हाकेला ओ देत नाही, म्हणून तो नाही, असं चार्वाक म्हणाले. नैयायिक उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत त्यांना योग्यतेच्या अटीनेच उत्तर दिलं. जे मुळात दिसण्याजोगं नाही, ते न दिसण्यावरून त्याचा अभाव ठरत नाही. पुढे ते म्हणतात, नुसत्या न दिसण्यावरून नसणं ठरत असेल तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाला बायकामुलं दिसेनाशी होताच ती उरलीच नाहीत असं मानून छाती बडवत रडावं लागेल, आणि त्याचे पाय परत घराकडे वळणार नाहीत.

हा दाखला किनाऱ्यावर वाचला की उलटा होऊन समोर येतो. घराबाहेर पडलेला दर्यावर असतो आणि दिसत नाही म्हणून जीव टांगणीला लागतो तो मागे राहिलेलीचा. नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळात कोकणातले अनेक खलाशी समुद्रात सापडले. काही परतलेच नाहीत. ज्यांचा निरोप आला नाही त्यांच्या घरात तेव्हा जे चाललं होतं तेच अनुपलब्धीचं खरं रूप. त्याला नास्तिकाची खात्री म्हणता येत नाही, आस्तिकाचीही नाही. माहीत नाही, हा तीनचा आकडा पोटात घेऊन बसलेली ती माणसं होती. उदयनाचार्यांची बाजू इथे निम्मी पटते. न दिसण्यावरून ‘नाही’ ठरत नाही, हे खरं. पण त्याच न दिसण्यावरून ‘आहे’ही ठरत नाही. हे त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून ईश्वरासाठी त्यांनी वेगळी अनुमानं मांडली. श्रद्धेला मौनातून पुरावा काढायची घाई नसावी, नास्तिक्यालाही नसावी. दोघांनी आधी आपली खोली किती उजेडाची आहे ते पाहावं, एवढी अपेक्षा मीमांसकांनी तेराशे वर्षांपूर्वी करून ठेवली आहे.

मग ऐकू येण्याची योग्यता कायम आहे हे कळायचं कसं? देवळात यावर फार जुना उपाय आहे: नंदादीप. तो विझला की गाभाऱ्यात शिरणाऱ्या पहिल्या माणसाला कळतं की काहीतरी चुकलं. त्याचं तेवणं हाच सततचा निरोप असतो. प्रोमिथियस नावाच्या नजर ठेवणाऱ्या प्रणालीत हीच युक्ती आहे. तिच्यासोबत अनेक ठिकाणी वॉचडॉग नावाचा एक अलर्ट बसवतात, जो कायम वाजत असतो. तो बाहेरच्या एका वेगळ्या सेवेकडे जात राहतो, आणि येईनासा झाला की ती सेवा माणसाला उठवते. आकडे येणंच थांबलं तर तेवढ्यावरून ओरडणारा नियमही लिहिता येतो. अकरा नंबरचा बावटा म्हणजे हेच. फरक एवढाच की तो माणसाच्या हाताने चढतो आणि चढवताना त्याला स्वतःचा अंदाज वापरावा लागतो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन-मुरुडच्या बागांत नारळी-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, मोबाइलचे टॉवर बंद झाले. मुंबई-पुण्यात राहणारी मुलं गावाकडे फोन लावत राहिली आणि पलीकडून काहीच येत नव्हतं. तेव्हा कुणी म्हणालं नाही की तक्रार आली नाही, म्हणजे घर उभं आहे. रस्ते मोकळे होतील तशी माणसं गाड्या काढून निघाली. आईबापांच्या बाबतीत प्रत्येकाने क्लाउडवॉचचा तो रकाना न चुकता भरला होता: माहिती नाही, म्हणजे धोका.

प्लगिन बसवून झालं, की अनुभवी माणूस एक काम करतो. दिलेली चावी तो मुद्दाम रद्द करतो, फोन समोर ठेवतो आणि वाट पाहतो. पाच मिनिटं जातात, दहा जातात. फोन वाजला तर तो चावी परत देतो. नाही वाजला तर पडद्यावरच्या हिरव्या रंगाकडे तो पुन्हा पाहत नाही, फाइल उघडतो आणि रिकामी यादी मोजणारी ओळ शोधू लागतो.