सायटेशन मोजताना

आमच्या पर्यावरणशास्त्राच्या क्षेत्रातल्या प्राध्यापकाच्या बायोडेटात आता नावाखालोखाल एच-इंडेक्स लिहिलेला असतो. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये तो सुचवला. ज्याच्या वीस शोधनिबंधांचा इतरांनी प्रत्येकी निदान वीस वेळा संदर्भ (सायटेशन) दिला आहे, त्याचा एच-इंडेक्स वीस. ‘जगातले आघाडीचे दोन टक्के शास्त्रज्ञ’ ही दरवर्षी वर्तमानपत्रांत झळकणारी यादी याहून बारकाईने केलेली असते. स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीतल्या नोंदींवरून ती काढतात. एका निबंधाचे लेखक किती, पहिले वा शेवटचे नाव कोणाचे, हे ते पाहतात. स्वतःच स्वतःला दिलेले संदर्भ वगळून लागणारा क्रमही देतात.

ही मोजणी टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. जिथे ओळखीपाळखीवर नेमणुका होत, तिथे आकड्यांनी काही तरुणांना न्याय मिळवून दिला आहे. पण एक शास्त्रज्ञ दुसऱ्या शास्त्रज्ञाचे काय वाचतो, एवढेच ती सांगते. पर्यावरणशास्त्राचा उपयोग त्या वर्तुळाबाहेरही होतो, आणि तो तिच्या नजरेतून सुटतो.

एका निवड समितीत हे मला फार जवळून दिसले. एका उमेदवाराचे नाव हवामानावरच्या बहुलेखकी निबंधांमध्ये होते, सायटेशन भरपूर. दुसऱ्याने एकाच तालुक्यातल्या वनस्पतींची अनेक वर्षे हिंडून नोंद केली होती. आकड्यांचा तक्ता फिरला आणि निर्णय जवळजवळ ठरला. दोघांचे काम वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये, असा मी आग्रह धरला. वाचन झाले, आणि त्यानंतरची चर्चा वेगळी होती. दुसऱ्याच्या नोंदींवरून त्या परिसरात काय होते आणि काय नाहीसे झाले, हे कळत होते. अशा याद्या वनखाते वापरते, प्रकल्पांचे अहवाल लिहिणारे वापरतात. पण त्या वापराची सायटेशनमध्ये नोंद होत नाही. वनस्पतीच्या शास्त्रीय नावापुढे तिचे वर्णन करणाऱ्याचे नाव लिहितात, तोही संदर्भ म्हणून सहसा मोजला जात नाही.

दीर्घकाळच्या निरीक्षणांचेही तसेच. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआवर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला, तेव्हा तो दशलक्षात सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. १९६४ मध्ये पैशाअभावी ही मोजणी काही काळ थांबली होती. आज कीलिंग यांचा आलेख जगभर उद्धृत होतो. पण त्याचे मोल सातत्यात आहे, आणि सातत्याला दरवर्षी नवा निबंध दाखवता येत नाही.

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या कामात दोन्ही प्रकारचे मोल एकत्र दिसते. विल्यम बॉसर्ट यांच्याबरोबर त्यांनी १९७० मध्ये लिहिलेला, सजीवांच्या जीवनक्रमावर निसर्गनिवडीचा परिणाम मांडणारा निबंध जगभरच्या संशोधकांनी वाचला. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा २०११ चा पश्चिम घाट अहवाल मात्र ग्रामसभांपर्यंत, न्यायालयांपर्यंत आणि खाणींच्या वादांपर्यंत पोचला. अशा अहवालाला सायटेशनच्या हिशेबात सहसा जागा नसते. गाडगीळ मराठीत सातत्याने लिहीत राहिले, त्याचे गुण तर कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या २०१५ च्या लायडेन जाहीरनाम्याने हेच बजावले आहे : आकड्यांनी जाणकारांच्या निर्णयाला आधार द्यावा, त्याची जागा घेऊ नये, स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाचे रक्षण व्हावे. आपल्या समित्यांनी एवढे तरी करावे. प्रत्येक उमेदवाराचे त्याने स्वतः निवडलेले तीन लेख वा अहवाल, मराठीतले असले तरी, वाचावेत. त्याच्या नोंदी कोण वापरते हे विचारावे. मग एच-इंडेक्स पाहावा. हा क्रम उलटला, तर घाटातल्या ओढ्याचा वर्षानुवर्षे अभ्यास करण्याचे धाडस एकही तरुण करणार नाही, आणि त्या ओढ्याबद्दल निर्णय घ्यायची वेळ येईल तेव्हा आपल्यापाशी माहितीच नसेल.