अंतराचे उपकार

पनवेलकराला अंतर विचारू नये. तो वेळ सांगतो. 'दादर किती लांब?' म्हटलंत तर 'सव्वा तास' असं उत्तर येईल आणि पाठोपाठ, 'वाशीच्या पुलावर अडकलात तर मात्र तुमचं नशीब!' किलोमीटर हे सरकारी माप. ते रस्त्याकडेच्या दगडावर लिहावं आणि तिथंच ठेवावं.

एवढ्यावर आमचं छान भागत होतं. पण उलव्याची टेकडी कापली गेली, नदीला वेगळी वाट मिळाली आणि २५ डिसेंबर २०२५ ला तिथून विमानं उडू लागली. एस.टी.च्या हिशेबात वाढलेल्या आम्हा लोकांच्या हिशेबात आकाशही आलं.

शेजारच्या आजींचा मुलगा न्यूयॉर्कला असतो. त्यांनी मला गाठून विचारलं, "काय रे, तिकडे जायला वेळ किती लागतो?"

"मुंबईपासून साडेबारा हजार किलोमीटर. थेट गेलं तर सोळाएक तास. येताना तास-दीड तास कमीच."

"येताना कमी का?"

"वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. येताना तो पाठीशी असतो."

"म्हणजे वारासुद्धा घराकडे ढकलतो म्हण!" आजी खूष झाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "मग ह्याला तीन वर्षं कशी रे लागतात?"

आता ह्याचं उत्तर कुठल्या वेळापत्रकात शोधायचं?

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या, त्या ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. जवळजवळ दोन महिने! 'ह्या दिवाळीला का आली नाहीस?' असं त्यांना कोण विचारणार? त्यांच्या वतीनं मधला अख्खा समुद्र उत्तर द्यायला उभा होता. अंतराचे माणसावर हे फार मोठे उपकार होते. न येणारा दोषी नसे आणि वाट पाहणाऱ्याला दोष द्यावा लागत नसे.

विमानानं समुद्र आटवला, आणि त्याबरोबर ही सोयही आटली. दोन महिन्यांवरचा माणूस आला नाही, तर तो येऊ शकला नाही. सोळा तासांवरचा आला नाही, तर तो 'आला नाही'. क्रियापद तेच, पण टोचतं वेगळं.

बरं, मुलाला तरी काय बोलायचं? रजा, तिकिटाचे पैसे, मुलांच्या शाळा, व्हिसा... ह्यांतलं एकही विमानाच्या वेगानं हलत नाही. आणि वेग वाढला की कर्तव्य वाढतं असं धरलं, तर खांदा कॉलनीतल्या मामांकडे वर्षभर न फिरकणाऱ्या भाच्यांचं काय करायचं? रिक्षानं दहा मिनिटं! त्यांच्या मानानं न्यूयॉर्कवाला श्रावणबाळच म्हणायचा.

तेव्हा माझं मत असं, की 'लांब आहे' हे कारण आता बाद करावं. सरळ 'जमत नाही' म्हणावं. बोलणाऱ्याला जड जाईल, ऐकणाऱ्याला बोचेल, पण निदान खरं तरी असेल.

मात्र ह्या नियमाला एक अपवाद ठेवायला हवा. मुलाची चौकशी कुणी केली की आजी अजूनही सांगतात, "येणार कसा बिचारा? फार लांब आहे हो ते!" सोळा तास त्यांना आता तोंडपाठ आहेत. पण मुलाला पाठीशी घालायला आई जो समुद्र मध्ये ओढते, तो मोजायला आपण जाऊ नये.