देहाचे लाड आणि देहाचे जतन

पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकेश्वरी जमतात. नाशिककडची ती ऐन थंडी. मुक्कामी कुणी कानटोपी चढवली, की शेजारचा हसून विचारतो, "काय माऊली, नाथांवर भरवसा नाही का?"

शंका जुनीच आहे. देह नाशिवंत, मग त्याची काळजी कशाला? पण लाड निराळे, जतन निराळे. वीणेला आपण गवसणी घालतो, ती वाजती राहावी म्हणून. देहही नामासाठीच मिळाला आहे. ही एकादशी षट्तिला. अंगाला तीळ लावावेत, तिळाच्या पाण्याने स्नान करावे, तीळ खावेत, दान द्यावेत, असे शास्त्रच सांगते.

एके वर्षी अंगात कणकण असताना मी हट्टाने पहाटे कुशावर्तात बुडी मारली. रात्री ताप चढला. दोघे टाळकरी हरिपाठ सोडून माझ्या उशाशी बसले. तेव्हा उमगले, ते वैराग्य नव्हते, मिरवणे होते. त्याचा भार मात्र दुसऱ्यांनी वाहिला.

म्हणून माऊली, अंगावर पांघरूण घ्या, कोमट पाणी प्या. दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपू नका. तिचा विषारी वायू वासही न येता झोपेतच जीव घेतो. आणि निजण्याआधी एकदा आजूबाजूला पाहा. कुणी म्हातारा कुडकुडत असेल, तर जास्तीचे कांबळे त्याला द्या. त्याच्याही देहात विठ्ठलच आहे.

रामकृष्ण हरी.