देवाचा कोप कोणावर?



३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूरकर विसरलेले नाहीत. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून लोक निजले, आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर व भोवतालची गावं भुईसपाट झाली. सुमारे १०,००० माणसं गेली. चितांची राख निवली नाही तोच बोललं जाऊ लागलं, 'देवाचा कोप झाला.' असं काही घडलं की आजही हे वाक्य कानी येतं. म्हणून प्रश्न असा, की देव कोपतो काय? आणि कोपला तर कोणावर, हे सांगण्याचा अधिकार कोणाचा?

ख्रिस्ती धर्मात या प्रश्नाचा फार खोल विचार झाला आहे. आधी त्यांचा पक्ष नीट मांडू. पूर्वपक्षाचा विपर्यास करून तो खोडणं शास्त्राला धरून नव्हे. त्यांच्या मते पाप म्हणजे नुसता नियमभंग नाही, ईश्वराशी तुटलेलं नातं आहे. ईश्वर न्यायी, म्हणून पापावर त्याचा कोप. आणि दयाळू, म्हणून पापी बुडावा हेही त्याला सोसवत नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्म नावाच्या आचार्यांनी याचा मेळ असा घातला: ऋण माणसाचं, पण फेडण्याची ऐपत एकट्या देवाची, म्हणून देवानं मनुष्य होऊन ते फेडलं. बाराव्या शतकात आबेलार म्हणाले, क्रूसावरचं प्रेम पाहून माणसाचं अंतःकरण पाझरतं, तेच तारण. म्हणजे त्यांच्यातही मतं अनेक आहेत.

मराठी बायबलात या ठिकाणी 'प्रायश्चित्त' हा शब्द योजला आहे. शब्द आपला, पण रोख निराळा. आपल्या धर्मशास्त्रात ज्याचं पाप त्यानंच प्रायश्चित्त घ्यायचं. वाल्याच्या पापात वाटेकरी व्हायला त्याची बायकापोरंसुद्धा तयार झाली नाहीत. ख्रिस्ती मतात मात्र ज्याचा अपराध झाला तोच फेड करतो. वारकऱ्यानं हे ऐकून नाक मुरडू नये. दामाजीपंतांनी दुष्काळात मंगळवेढ्याची कोठारं लुटवली, तेव्हा बेदरच्या दरबारी रक्कम भरायला विठू महार होऊन कोण गेलं? फरक इतकाच, की दामाजींचं देणं दयेपायी झालं होतं, आणि त्यांच्या मते माणसाचं देणं पापापायी झालं आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. तो पूल कशाचा? माझ्या मते दैन्याचा. आमचे संत स्वतःला पतित म्हणवतात, दुसऱ्याला नव्हे. ख्रिस्ती भक्तही गुडघे टेकून 'मी पापी' म्हणतो.

लूकच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली. ती यरुशलेमातल्या इतरांहून जास्त अपराधी होती काय, असं ख्रिस्तानं विचारलं आणि स्वतःच नाही म्हणून सांगितलं. वर ऐकणाऱ्यांना बजावलं, तुम्ही आपलं मन पालटा. तरीही १ नोव्हेंबर १७५५ रोजी, ऐन सणाच्या दिवशी, लिस्बन शहर भूकंपानं पडलं, तेव्हा त्याच ख्रिस्ताचे उपदेशक पापाचा दंड झाला म्हणून सांगत फिरले.

आपण 'कोप' न म्हणता 'ज्याचं त्याचं प्रारब्ध' म्हणतो. पण ज्या आईचं लेकरू मातीखाली गेलं, तिला दोन्ही शब्द सारखेच डागतात. कर्मसिद्धांत खोटा नाही. पण तो स्वतःचं दुःख धीरानं सोसण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा करण्यासाठी नाही. किल्लारीत भुईखालच्या खडकात साठलेला ताण सुटला, आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व जड माळवदं निजलेल्या माणसांवर आली. त्यांखाली माळकरी होते, कधी देवळात न गेलेले होते आणि तान्ही मुलंही होती. त्या तान्ह्यांचा अपराध कोणी सांगावा?

तेव्हा माझ्या कीर्तनकार बंधूंना आणि फडावरच्या माउलींना एवढंच सांगणं आहे. देव कोपला असं वाटलं तर आपल्या अंतःकरणात पाहावं, आणि जे पालटायचं ते पालटावं. दुसऱ्याचं घर पडलं असेल तर तिथं पापपुण्याची वही उघडू नये. तिथं भाकरी घेऊन जावं, दगड उचलू लागावं, आणि रडणाऱ्याजवळ मुकाट्यानं बसावं.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!