मोबदला एकदाच, गिऱ्हाईक रोज

घाटाच्या पायथ्याला खाणावळ वसायची ती गाड्यांच्या अडचणीमुळे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर बोरघाट चढण्याआधी खोपोलीला थांबायचं, इंजिन निवू द्यायचं, रेडिएटरमध्ये पाणी ओतायचं. तेवढ्यात चहा आणि गरम वडा व्हायचा. कोकणच्या रस्त्यावर वाहकानं ‘गाडी दहा मिनिटं थांबेल’ अशी आरोळी दिली की त्यावर एखाद्या घराची त्या दिवसाची चूल चालायची. आत मावशी भाकरी थापत असायच्या. तव्यावरून निखाऱ्यावर टाकली की भाकरी टम्म फुगायची, आणि ताटातलं पिठलं संपायच्या आत न विचारता डावभर वाढलं जायचं. ‘पोटभर खा, पुढं घाट आहे.’

मग रस्ते रुंद झाले. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, गाड्याही पूर्वीसारख्या तापेनाशा झाल्या. कुठं रुंदीकरणात खाणावळीची पडवी गेली, कुठं बायपासनं गिऱ्हाईकच पळवलं. ज्यांचं नशीब जोरावर होतं त्यांच्याकडं फरश्या आल्या, एसी आला, टोकन घेऊन रांगेत उभं राहणं आलं.

आपण हळहळतो, ‘पूर्वीची शांतता राहिली नाही’ म्हणतो. पण ज्या दुपारी आपण तिथं एकटेच निवांत जेवलो, त्या दुपारी मालकाच्या गल्ल्यात काय पडलं असेल? आपली शांतता ही त्याची मंदी होती. शिवाय आडोसा शोधायची वेळ ज्या बायकांवर यायची, त्यांना फूड मॉलमधल्या स्वच्छतागृहाचं मोल विचारावं. म्हणून गर्दी वाढली, चकचकाट आला, याचं मला फारसं दुःख नाही.

सल आहे तो वेगळा. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग घ्या. वेगानं धावणाऱ्या गाड्यांच्या वाटेत कुणी येऊ नये म्हणून त्याला कुंपण आहे, आणि ते हवंच. खायचं ते नेमून दिलेल्या जागीच. पूर्वी चार पत्रे, एक चूल आणि हाताला चव एवढ्या भांडवलावर रस्त्याकडेला संसार उभा राहायचा. आता त्यासाठी निविदा भरावी लागते, भाडं परवडावं लागतं. ज्याच्या शेतातून रस्ता गेला, त्याच्या बांधाजवळून दिवसभर गाड्या जातात. दारी एकही थांबत नाही. जमिनीचा मोबदला एकदाच मिळतो, गिऱ्हाईक रोज यायचं.

रस्त्याचं यश मोजताना आपण वाचलेले तास मोजतो. किती दारांशी गाडी थांबेनाशी झाली, तेही त्याच वहीत मांडायला हवं. महामार्गावरच्या प्रत्येक थांब्यावर एखादा गाळा आसपासच्या गावांतल्या बचत गटासाठी, परवडेल अशा भाड्यात राखून ठेवला, तर वेग काही कमी होणार नाही.

तोवर आपल्या हाती एक गोष्ट आहे. पुढच्या प्रवासात भूक लागली की एखाद्या फाट्याला खाली उतरावं, जुन्या रस्त्याला लागावं, आणि जिथं चूल पेटलेली दिसेल तिथं जेवावं. अर्धा तास जास्त जाईल. नव्या रस्त्यानं वाचवलेल्या वेळातला तेवढा वेळ जुन्या रस्त्याला द्यायला हरकत नसावी.