ग्रंथ कोणाचे?

संस्थेच्या ग्रंथालयातील पुस्तके कोणाच्या मालकीची असतात, हा प्रश्न वरवर पाहता कायद्याचा आहे. संस्थेची घटना, विश्वस्तांची नोंद आणि सभासदांची यादी पुढे ठेवली की त्याचे उत्तर मिळते. परंतु उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर एखाद्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे असा प्रस्ताव येतो, की जवळच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळेशी आणि सरकारी सार्वजनिक ग्रंथालयाशी हातमिळवणी करून आपल्या कपाटातील बालवाङ्मय मुलांना सुट्टीभर वाचावयास द्यावे. त्या वेळी कायद्याने मिटलेला हा प्रश्न नीतीच्या अंगाने पुन्हा उभा राहतो. पुस्तके फाटतील, हरवतील. वर्गणी भरणाऱ्या सभासदांचे काय. आणि ज्या मुलांचे मराठीशी नाते नाही त्यांच्यासाठी आपण का झटावे, असे आक्षेप घेतले जातात. हे आक्षेप घेणारी माणसे संकुचित नसतात. बहुधा ग्रंथालयासाठी सर्वाधिक खस्ता त्यांनीच खाल्लेल्या असतात. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याचा विचार आदराने झाला पाहिजे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांनी आपापल्या गावी ग्रंथसंग्रह उभे केले, ते हौसेपेक्षा गरजेपोटी. भोवतालच्या व्यवहाराची भाषा वेगळी, शाळेची भाषा पुढे वेगळी झाली, आणि मूळ गावाशी येणे-जाणे लग्नकार्यापुरते उरले. अशा वेळी मराठी पुस्तक हाच घराचा धागा होता. कारकून, शिक्षक, पेन्शनर अशा माणसांनी महिन्याच्या खर्चातून वर्गणी काढून कपाटे घेतली आणि स्वतः बसून पुस्तकांना वेष्टने घातली. जे कष्टाने मिळते त्याला कुलूप लावण्याची बुद्धी होणे स्वाभाविक आहे. त्या कुलपामुळेच पुष्कळ ग्रंथ आजवर टिकले, हे मान्य केले पाहिजे. मात्र कुलूप हे साधन होते. ज्या वाचनासाठी ते लावले ते वाचनच ओसरले, तर आपण नेमके काय राखीत आहोत, हे विचारण्याची वेळ येते.

या बाबतीत वडोदऱ्याच्या इतिहासाकडे वळून पाहणे उपयोगी पडेल. तो आपल्या घरचा इतिहास आहे. तिसरे सयाजीराव महाराज यांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पण शाळा सुटल्यावर पुस्तक हाती आले नाही, तर शिकलेली अक्षरे विसरली जातात आणि शिक्षणावरील खर्च वाया जातो, ही जाणीव त्यापाठोपाठ आली. अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास त्यांनी १९१० मध्ये वडोदऱ्यास आणले. १९१३ पर्यंतच्या वास्तव्यात बॉर्डन यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची आणि गावोगावच्या वाचनालयांची घडी बसवून दिली. राजवाड्यातील सुमारे २०,००० ग्रंथांचा खाजगी संग्रह महाराजांनी या मध्यवर्ती ग्रंथालयास देऊन टाकला. जेथे वाचनालय नव्हते तेथे फिरत्या वाचनालयाच्या पेट्या जात. १९१२ मध्ये निघालेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या त्रैमासिकात इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीनही भाषांना जागा होती.

गावच्या वाचनालयासाठी ठरविलेला नियम तर आजही विचार करण्याजोगा आहे. खर्चाचा एक तृतीयांश भाग गावकऱ्यांनी उभा करावा, एक तृतीयांश प्रांत पंचायतीने द्यावा आणि उरलेला एक तृतीयांश सरकारने. चरोतरात मोतीभाई अमीन यांनी मित्रमंडळाच्या वाचनालयांची जी चळवळ आधीच सुरू केली होती, तिला या व्यवस्थेत पाठबळ मिळाले. सरकारला सर्व खर्च स्वतः करणे अवघड होते असे नव्हे. पण जेथे आपला पैसा आणि श्रम पडतात तेथेच आपले लक्ष राहते, हा मनुष्यस्वभाव त्या नियमात ओळखलेला दिसतो. आज ज्याला आपण संस्थांची भागीदारी म्हणतो, तिचे मर्म हेच आहे. एकाने द्यावे आणि दुसऱ्याने हात पसरावा, हा उपकाराचा व्यवहार झाला. भागीदारीत प्रत्येकाला काही आणावे लागते आणि काही सोडावे लागते.

आता सुट्टीच्या प्रश्नाकडे येऊ. शाळा सुटल्यावर अक्षरे विसरण्याची जी भीती सयाजीरावांना आयुष्याच्या मापाने वाटली, ती दरवर्षी उन्हाळ्यात लहान मापाने खरी ठरते. गुजरातेत उन्हाळी सुट्टी सुमारे ५ आठवड्यांची असते. ज्या घरात पुस्तके आहेत, आजी-आजोबा आहेत, वर्तमानपत्र येते, तेथील मूल या काळातही कळत-नकळत वाचीत राहते. ज्या घरात छापील कागद म्हणजे वाणसामानाची पुडी, तेथील मुलासाठी शाळेचे दार मिटले की वाचनाचेही दार मिटते. बार्बरा हेन्स या समाजशास्त्रज्ञ विदुषीने अमेरिकेतील अटलांटा शहरातील मुलांचा या दृष्टीने अभ्यास करून १९७८ मध्ये तो प्रसिद्ध केला. गरीब आणि सुस्थित मुलांमधील अंतर शाळेच्या दिवसांपेक्षा सुट्टीत अधिक वाढते आणि सुट्टीतील पुस्तकवाचनाचा व सार्वजनिक ग्रंथालयाच्या वापराचा मुलांच्या प्रगतीशी संबंध दिसतो, असे तिला आढळले. पुढील संशोधकांत या घसरणीच्या मापाविषयी मतभेद झाले आहेत. तरीही ज्याच्या हाती पुस्तकच पडत नाही तो वाचणार कसा, या साध्या प्रश्नाला त्या मतभेदांनी उत्तर मिळत नाही.

म्हणजे एका बाजूला ५ आठवडे पुस्तकाविना राहणारी मुले आहेत आणि दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षे वाचकाविना राहिलेली पुस्तके आहेत. दोन्हींमध्ये अंतर असते ते बहुधा चार गल्ल्यांचे. हे अंतर तसेच राहू देण्याचा आपल्याला अधिकार आहे काय?

आपल्याकडे आहुती देताना किंवा दानाचे उदक सोडताना ‘न मम’ असे म्हणण्याची रीत आहे. हे आता माझे नाही, असा त्याचा अर्थ. ज्या गृहस्थाने आपल्या वडिलांचा संग्रह मंडळास दिला, त्याने पुस्तकावरील आपला ‘मम’ सोडला. आमच्या मते खरा प्रश्न येथे आहे. त्याने सोडलेला ‘मम’ मंडळाने उचलून घ्यावा काय? तसे केले तर दान पुरे झाले नाही. मालक तेवढा बदलला. विश्वस्ताचे काम मालकापेक्षा अवघड असते. मालक वस्तू वापरो वा न वापरो, त्याला कोणी जाब विचारीत नाही. विश्वस्ताला मात्र दोन जाब द्यावे लागतात: वस्तू राखली का, आणि ज्यासाठी ती दिली होती ते घडले का. आपण पहिल्या जाबाचे उत्तर तयार ठेवतो आणि दुसरा कोणी विचारला तर दुखावतो. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील पहिलेच सूत्र ग्रंथांच्या उपयोगाविषयी आहे आणि बाकीची चार त्यामागून येतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पुस्तके हरवतील, हा आक्षेप खरा आहे. ती हरवतातच. सरकारी नोकरीत आयुष्य घालविल्यामुळे डेड स्टॉक रजिस्टरचा धाक आम्हांस परिचित आहे. ज्याच्या सहीने वस्तू नोंदली गेली त्याला ती कपाटाबाहेर काढण्याची भीती वाटते. पण ज्यांना पैशापैशाचा हिशेब द्यावा लागतो त्यांनीही या बाबतीत समंजसपणा दाखविला आहे. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, २००५ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये, वर्षभरात वाचावयास दिलेल्या दर १,००० ग्रंथांमागे ५ ग्रंथांची हानी वाजवी मानली आहे. अट एवढीच, की ती अप्रामाणिकपणामुळे किंवा हयगयीमुळे झालेली नसावी. सरकारी लेखापाल जेवढे सोसतो तेवढे साहित्यप्रेमी मंडळाने सोसू नये काय? शिवाय कसर आणि वाळवी यांनी खाल्लेल्या पुस्तकांची गणती कोणत्याच नोंदवहीत होत नाही. मुलाच्या हातात फाटलेले पुस्तक निदान कोणीतरी उघडलेले असते.

येथे एक भेद अवश्य केला पाहिजे. दुर्मीळ आवृत्त्या, हस्तलिखिते, जुन्या नियतकालिकांचे अंक हे जपून ठेवण्याचेच ग्रंथ आहेत. ते अभ्यासकास जागेवर दाखवावेत आणि त्यांच्या संगणकीय प्रती करून घ्याव्यात. गोष्टींची पुस्तके, चरित्रे, विज्ञानाची सोपी पुस्तके, ‘किशोर’सारख्या मासिकांच्या जादा प्रती यांना तो न्याय लावणे म्हणजे धान्याला दागिन्यांच्या पेटीत ठेवण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप भाषेचा. ती मुले मराठी नाहीत, असे म्हटले जाते. गुजराती शाळेतील मुलास वरच्या इयत्तांत हिंदीमुळे देवनागरी वाचता येते. मराठी गोष्ट कोणी मोठ्याने वाचून दाखविली तर तिचा भाव त्याला कळण्यास फारशी अडचण पडत नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी खांद्याला खांदा लावून काम केले. त्यातून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला आणि गुजराती व मराठी या दोन्ही भाषांतील बालशिक्षणाला त्याचा लाभ झाला. लहान मुलांच्या बाबतीत भाषांची सरहद्द ओलांडण्याची परंपरा आपल्या दोन्ही समाजांना आहे. भागीदारीत गुजराती पुस्तके सरकारी ग्रंथालयाने आणावीत आणि मराठी आपण. मुलांना दोन्ही मिळतील.

परंतु या आक्षेपात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि ती बोलून दाखविणे आवश्यक आहे. पोटासाठी अलीकडे खानदेशातून गुजरातच्या शहरांत आलेली कुटुंबे थोडी नाहीत. सुरतेत तर महानगरपालिकेला मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालवाव्या लागतात. या कुटुंबांतील मुले घरी मराठी किंवा अहिराणी बोलतात. आपल्या वाचनालयांच्या पायऱ्या ती चढतात काय? सभासदत्वाचा अर्ज, दोन सभासदांची शिफारस, अनामत रक्कम आणि आत बसलेल्या मंडळींची नजर, एवढे अडथळे ओलांडून येणारे मूल विरळाच. मराठी वाचणारे कोणी उरले नाही, अशी खंत आपण दर वार्षिक सभेत व्यक्त करतो. ती व्यक्त करताना मराठी बोलणारी ही मुले आपल्या हिशेबात धरलेली नसतात. भाषेवरील आपले प्रेम भाषेवर आहे की आपल्या घराण्यांच्या आठवणींवर, याची कसोटी या मुलांच्या बाबतीत लागते. शाळेशी केलेली भागीदारी येथे उपयोगी पडते. मुलाला आपल्या दारी येण्याचे धैर्य करावे लागत नाही. त्याच्या ओळखीच्या शिक्षकाच्या हातून पुस्तक त्याच्यापर्यंत पोहोचते.

प्रत्यक्षात काय करता येईल, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. नाहीतर नीतीच्या गोष्टी हवेत राहतात. शाळेजवळ मुलांची नावे, पालकांचा विश्वास आणि सुट्टीत मोकळी असलेली खोली असते. सरकारी ग्रंथालयाजवळ मोठा संग्रह आणि शिकलेला कर्मचारीवर्ग असतो. मंडळाजवळ मराठी पुस्तके असतात आणि त्याहून मोलाचे म्हणजे निवृत्त माणसांचा मोकळा वेळ असतो. पन्नास पुस्तकांची एक पेटी, एक साधी वही आणि आठवड्यातून दोन सकाळी तासभर मोठ्याने वाचून दाखविणारे दोघे सभासद, एवढ्यावर आरंभ होतो. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या २००९ पासूनच्या उपक्रमाने शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या महाराष्ट्रातच नव्हे तर परदेशांतही पोहोचविल्या. बॉर्डन यांच्या पेटीचीच ही पुढची पिढी म्हणता येईल. हरवलेल्या पुस्तकांचा भार तिघांनी कसा वाटून घ्यावा हे आधीच लिहून ठेवावे. म्हणजे पहिले पुस्तक हरवताच मैत्री तुटत नाही. मुलाकडून अनामत घेऊ नये. किती पुस्तके वाचली याची चढाओढ लावू नये. बक्षिसासाठी पाने उलटणाऱ्या मुलापेक्षा एकच गोष्ट चार वेळा वाचणारे मूल वाचक होण्याचा संभव अधिक.

या सर्वातून मंडळाचे नाव मोठे होईलच असे नाही. शाळेच्या अहवालात कदाचित आपला उल्लेखही येणार नाही, आणि त्या मुलांपैकी पुढे किती जण सभासद होतील याचा अंदाज बांधणेही व्यर्थ आहे. ‘न मम’ म्हणताना फळाचा हिशेबही सोडावा लागतो, आणि पुस्तक सोडण्यापेक्षा तो सोडणे आपल्याला अधिक जड जाते. तरी ज्यांनी वर्गणी काढून ही कपाटे भरली, त्यांनी ती कोणीतरी वाचावे म्हणूनच भरली होती. सुट्टी मे महिन्याच्या आरंभी लागते. शाळेशी बोलणी करावयाची तर मार्चच्या बैठकीत ठराव झाला पाहिजे. येत्या मार्चच्या कार्यपत्रिकेत हा विषय असावा, एवढीच आपल्या सर्व संस्थांच्या चालकांना आमची विनंती आहे.