पडलेली वस्तू आणि फळ्यावरची नावं

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥

आजचे वाचन : श्रीमत् दासबोध, दशक दुसरा, समास दुसरा (उत्तम लक्षण)

पहिल्या समासात समर्थ मूर्खाची लक्षणं सांगतात आणि लगेच दुसऱ्यात उत्तम माणसाची. या समासाची सुरुवात मला फार आवडते. संस्कार, चारित्र्य असे जड शब्द नाहीतच. अनोळखी रस्ता विचारून धरावा, माहीत नसलेलं फळ तोंडात घालू नये, वाटेत पडलेली वस्तू दिसली की लगेच आपली करू नये. चौथीतल्या पोराला कळेल इतकं सोपं.

यात 'एकाएकी' हा शब्द आहे, तिथे जरा थांबावं. वस्तूला हातच लावू नये असं समर्थ म्हणत नाहीत, असं मला वाटतं. विचार न करता घेऊ नये, एवढंच. उचलली तर ती कुणाची, याचा शोध लागायला हवा.

मी दर शनिवारी एका शाळेत मनाचे श्लोक शिकवायला जाते. तिथे हा भाग सांगितला तेव्हा एका मुलाने विचारलं, "बाई, सापडलेलं पेन कुणाला द्यायचं?" मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "देऊ नको रे, ते टेबलाच्या खणातच राहतं." सगळा वर्ग हसला. मला हसू आलं नाही. त्या मुलाला सुविचार पाठ होता, आणि खणाचाही अनुभव होता. दोन्हींतलं कोणतं जास्त टिकणार?

म्हणून वर्गात सगळ्यांना दिसेल अशी एक पेटी ठेवावी. सापडलेली वस्तू मुलाने स्वतः त्यात टाकावी, आठवड्यातून एकदा सगळ्यांसमोर ती उघडावी, ज्याची असेल त्याने ओळख सांगून न्यावी. खर्च शून्य. पण 'तुझं पेन मला सापडलं' हे म्हणताना आणि ऐकताना जे होतं ते दहा बोधकथांनी होत नाही.

याच समासात पुढे चहाडीबद्दल आहे. ती मनावर घेऊ नये, म्हणजे इथे सांगणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्यावरही जबाबदारी आली. आता आपल्या शाळा आठवा. बाई बाहेर गेल्या की मॉनिटर खडू घेऊन उभा, बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर. मित्राचं नाव गाळायचं, भांडण झालेल्याचं आधी लिहायचं, त्यापुढे फुल्या वाढवत जायच्या! बाई आल्या की चौकशी न करता शिक्षा. शिस्त लागते म्हणे. मला तर वाटतं, आपण रोज अर्धा तास चहाडीचा तास घेतो. मॉनिटरला खडूऐवजी वाचायला एक गोष्ट द्या, वर्ग ऐकतो की नाही बघा.

पण इथे एक गोष्ट मुलांना अगदी स्पष्ट सांगायला हवी. कुणी मारतंय, धमकावतंय, नको तसा हात लावतंय, तर ते मोठ्यांना सांगणं ही चहाडी नव्हे. मग तो करणारा मोठा माणूस असला तरी. 'चुगलखोर' म्हणतील या भीतीने पोरं गप्प बसतात आणि ते गप्प बसणं फार महागात पडतं. मी मुलांना एवढंच विचारायला शिकवते : मी हे कुणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगतोय, की कुणाला वाचवावं म्हणून? लहान मुलांनाही हा फरक पटकन कळतो. आणि तरीही शंका वाटली तर सांगूनच टाकायचं. निवाडा मोठ्यांनी करावा, त्यासाठीच ते आहेत.

ऐकणाऱ्यानेही मग शांतपणे पूर्ण ऐकायचं, वहीतून मान वर करून.

उद्या याच समासातला आळसाचा भाग घेऊ.

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥